दादाच्या यकृताचे आठ आठवडे

आपल्या पोटात दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी आहे, हे दादाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर त्याच्या पोटाची ख्याती वेगळ्या कारणांसाठी होती.

धाकट्या बहिणीचं यकृत निकामी होत चाललं होतं. जिने आयुष्यात कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, तिच्याच शरीराने तिचं यकृत परकं समजून कुरतडलं होतं. कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच निभाव लागणार होता. तुकडा काढला तरी देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत पुन्हा वाढतं, हे ऐकल्यावर सगळे नातेवाईक उदार झाले. रक्त तपासायची वेळ आली तेव्हा पांगले. एकाची कंबर धरली, एकाच्या मुलीची परीक्षा निघाली. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे मेहुण्याचा, रक्तगट जुळला नाही. आत्याचं वय बसलं नाही. दादाच्या बायकोचाही गट जुळला नाही. "तिचं कधी कुणाशी जुळलंय," आत्या म्हणाली.

जुळला तो दादाचा.

"तुकडा कशाला, सगळं घ्या!" दादा दवाखान्याच्या दारातून आत येणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

"सगळं घेत नाहीत," नर्स कागदावरून मान वर न करता म्हणाली. "इथे सही करा."

तीन दिवस दादा देवमाणूस होता. शेजारचे लोक जिन्यात थांबून त्याच्या पोटाकडे आदराने बघत. मेहुण्याने दोन्ही हात हातात घेऊन "दादा, तुम्ही नसता तर" एवढंच म्हटलं आणि पुढचं रडण्यात गेलं. दादाही रडला. उपकार करताना रडायला फार बरं वाटतं.

चौथ्या दिवशी तपासण्यांचे निकाल आले.

*

डॉक्टरीणबाई वाळलेल्या शेंगेसारख्या बारीक होत्या आणि पेन्सिलीने बोलत. म्हणजे आधी पेन्सिल कागदावर टेकायची, मग शब्द यायचे.

"दारू किती?"

"थेंबही नाही," दादा छाती काढून म्हणाला.

"म्हणजे हे सगळं नुसतं जेवून केलंत?"

"हो."

"कमाल आहे."

पेन्सिल टेकली. यकृतात चौतीस टक्के चरबी.

"म्हणजे सहासष्ट टक्के चांगलं आहे ना?" दादा म्हणाला.

"शाळेतही असेच पास व्हायचे," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं नाही. चरबी नुसती पडून असती, तर ती उतरवता आली असती, त्या म्हणाल्या. पण सुईने काढलेल्या तुकड्यात दुसरंच दिसत होतं. त्यांनी कागद उलटा करून चित्र काढलं. "पोटावरच्या चरबीच्या पेशी ठासून भरल्या की काही फुटतात, मरतात. त्यांचा निकाल लावायला रक्तातल्या सफाईच्या पेशी येतात. काम आवरत नाही, मग त्या आणखी जणींना हाका मारतात. त्या हाका रक्तातून यकृतात पोचतात. तिथे चरबी साचलेलीच असते, तिथेही तोच गोंधळ. आणि ही तुमच्या मानेतली रक्तवाहिनी. हिच्या भिंतीत चरबी शिरली. ती खायला आलेल्या पेशींनी इतकं खाल्लं, इतकं खाल्लं, की फुगून त्यांना बाहेरच पडता येईना. तिथेच चिणल्या गेल्या."

"बिचाऱ्या," दादा म्हणाला. स्वतःच्या शरीरातलं कुणीतरी त्याला पहिल्यांदाच ओळखीचं वाटलं.

"म्हणजे यांना तीन आजार आहेत?" बायकोने विचारलं.

"पत्ते तीन आहेत. भांडण एकच. त्याला दाह म्हणतात."

"पण मला कुठे जळजळत नाही."

"नाहीच जळजळत. म्हणून तर इतकी वर्षं निभलं."

मग हिशोब झाला. बहिणीला फार तर दहा आठवडे. दादाला आठ. आठ आठवड्यांत चरबी दहा टक्क्यांच्या खाली हवी आणि दाह शमलेला हवा, नाहीतर असलं यकृत अर्धं कापणं त्याच्याही जिवावर बेतेल आणि तिच्याही. मानेतलं जे आहे ते आठ आठवड्यांत कुठे जात नाही. हृदयाच्या तपासण्या ठीक आहेत तोवर त्यासकट चालेल.

दादाने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. आत मात्र काहीतरी सैल झालं. जिना चढताना कुणीतरी हातातलं ओझं घेतं तसं. त्याला सुटका म्हणतात हे त्याला कळलं, आणि कळल्याबरोबर त्याने ती गिळून टाकली. गिळण्याची सवय होतीच.

बाहेर पडल्यावर त्याला कडकडून भूक लागली.

*

पहारा असा:

आत्या वजनकाटा घेऊन राहायलाच आली. काटा स्वयंपाकघरात, आत्या त्याच्याशेजारी.

"अरे, हा बटाटा कुणाचा?"

"माझा."

"तुझा नाही. तुझ्या बहिणीचा आहे. ठेव."

बायको उकडलेल्या भाज्या वाढायची. तिची चूक नसताना सगळा दोष तिच्याकडे आला होता. घरी येणारी प्रत्येक बाई आधी दादाकडे बघायची आणि मग तिच्याकडे. "इतकी वर्षं काय घालत होतीस गं याला?" तिने पहिल्या आठवड्यात उत्तरं दिली. दुसऱ्या आठवड्यात ती "विष" म्हणाली आणि विषय संपला.

मेहुणा रोज फोन करायचा. वजनाचं विचारायचा नाही. "दादा, कसे आहात?" एवढंच. त्या प्रश्नाला ग्रॅममध्ये उत्तर द्यावं लागतं, हे दोघांनाही माहीत होतं.

भलं इच्छिणाऱ्यांनी काय काय सांगितलं: लिंबू. लिंबू मुळीच नको. उपाशी राहा. उपाशी राहिलात तर चरबी यकृतातच जाऊन बसते. कारल्याचा रस. उलटं लटकणं. सांगणाऱ्यांपैकी रक्त तपासून घेतलेलं कुणीच नव्हतं.

आणि दादा खात होता.

आग लागली की वाजणाऱ्या घंटा बसवणं आणि दुरुस्त करणं, हे त्याचं काम. धूर ओळखणारी ती पांढरी डबडी कचेऱ्यांच्या खोट्या छताला असतात. त्यांच्या वायरी छतावरच्या पोकळीत. दादा शिडीवर चढायचा, छताचा एक चौकोन सरकवायचा आणि डोकं आत घालायचा. खालच्या लोकांना त्याचे फक्त पाय दिसत. पायांना कोण विचारणार की काय खाताय?

तिथे, धुळीत आणि वायरींच्या जंजाळात, क्रीमची बिस्किटं. पुडा वाजू नये म्हणून आधीच फोडून खिशात सुटी भरलेली. एक घास गेला की छातीत गच्च बसलेलं काहीतरी जरा हलायचं. तुकडा काढताना भूल उतरली तर? भूल चढली आणि मी उतरलोच नाही तर? आणखी एक बिस्किट. डॉक्टरीणबाईच "नाही" म्हणाल्या तर कुणाचाच दोष नाही. आणखी एक.

बहिणीवर त्याचा जीव होता. हे खोटं नव्हतं. बिस्किटंही खोटी नव्हती.

*

दर पंधरवड्याला रक्त तपासायचं. निकालाच्या कागदावर आठ-दहा ओळी असत, पण घरात सगळ्यांनी एकच ओळ पाठ केली होती: दाहाचा आकडा. तीनच्या खाली हवा. दादाचा नऊ.

आता दादाच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्याशिवाय त्याने जे केलं ते नुसतं मूर्खपणाचं वाटेल. ते मूर्खपणाचं होतंच, पण त्यामागे वीस वर्षांचा अनुभव होता.

एखाद्या कचेरीच्या उपाहारगृहात पाव भाजायचं यंत्र असतं. रोज सकाळी धूर होतो, रोज घंटा वाजते, रोज चारशे माणसं रस्त्यावर येतात. मग व्यवस्थापक हात जोडतो: काहीही करा, पण हे थांबवा. यंत्र हलवणं हा खरा उपाय. पण यंत्र हलवायला परवानग्या लागतात. म्हणून दादा घंटांच्या मुख्य पेटीवर जातो आणि उपाहारगृहाचा तेवढा भाग बंद करून ठेवतो. भाग बंद आहे हे सांगणारा पिवळा दिवा तरी लागतोच. त्यावर दादा काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतो. मग पेटीवर सगळं हिरवं दिसतं. व्यवस्थापक खूश. पाव जळतच राहतो.

दादाच्या कामावरच्या जोडीदाराची दाढ सुजली होती. दंतवैद्याने गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत गाल उतरला. "सुजेवरची गोळी आहे," जोडीदार म्हणाला. "कुठलीही सूज बसते."

दादाने चिठ्ठीवरचं नाव उतरवून घेतलं.

बारा दिवस, सकाळ-संध्याकाळ एकेक. बिस्किटांबरोबर, कारण रिकाम्या पोटी घेऊ नका असं पाकिटावर लिहिलं होतं, आणि दादा सूचना पाळणारा माणूस होता.

आकडा नवावरून चारवर आला.

घरात आनंदीआनंद झाला. आत्याने स्वतःच्या हाताने केकचा तुकडा कापून दिला, तोही काट्यावर न ठेवता. मेहुण्याने पहिल्यांदाच फोनवर वजन विचारलं. बहिणीने निरोप पाठवला: "दादा, तू खरंच करतोयस. मला वाटलं नव्हतं." दादाने तो निरोप चार वेळा ऐकला. पाचव्यांदा ऐकवेना.

डॉक्टरीणबाईंनी त्या ओळीकडे बघितलंच नाही. पेन्सिल तिसऱ्या ओळीवर टेकली. यकृताला इजा झाली की रक्तात जे वाढतं ते दुप्पट झालं होतं.

"कुठली गोळी घेताय?"

"कुठलीच नाही."

बायकोने पर्स उघडली. आठवडाभर तिने गोळ्यांचं एक रिकामं पाकीट सांभाळून ठेवलं होतं. दादाच्या हत्यारांच्या पिशवीत, सुट्या बॅटऱ्यांच्या खाली सापडलेलं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि भिंतीवरच्या आतड्यांच्या तक्त्याकडे बघत बसली.

"आकडा तर उतरला ना?" दादा म्हणाला.

"तुम्ही काम काय करता?"

दादाने सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मग तुम्हाला मी काय समजावणार," त्या म्हणाल्या.

चरबी बत्तीस टक्के. गोळीने बिघडलेलं सावरायला एक आठवडा जाणार. आठातले चार गेले, हाती चार उरले. "बहिणीला मी सांगू की तुम्ही सांगाल?"

*

धाकटी खिडकीपाशी बसून हात ओल्या फडक्याने पुसत होती. यकृत बिघडलं की अंगभर खाज सुटते. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. दादाला बघून ती म्हणाली, "ये. वहिनींचा फोन आला होता, त्यामुळे गोष्ट रचत बसू नकोस."

दादा बसला. खुर्ची करकरली.

"तिलाही आधाराची गरज आहे," धाकटी म्हणाली. "खुर्चीला."

"चुकलं गं."

"काय चुकलं? गोळी चुकली की सापडली ते?"

"मला वाटलं आकडा खाली आला की..."

"दादा, मी तुझी बहीण आहे, परीक्षक नाही." तिने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं. "तुला द्यायचं नाहीये का?"

"असं कसं म्हणतेस! मी पहिल्या दिवशीच म्हणालो..."

"सगळं घ्या. हो. ऐकलं मी. वरच्या मजल्यावर ऐकू आलं." ती हसली, मग हसणं तिलाच जड झालं. "मी काय विचारतेय, आणि तू काय सांगतोयस."

बाहेर कुणीतरी सायकलची चेन चढवत होतं. पुन्हा पुन्हा निसटत होती.

"भीती वाटते," दादा म्हणाला. एवढे दोन शब्द काढायला त्याला चार आठवडे आणि नक्की किती ते न सांगण्याइतकी बिस्किटं लागली होती.

"मग तसं म्हण की! मला काय, पोट कापून घ्यायची हौस आहे? मलाही वाटते. पण तुझ्या भरवशावर मी दुसरीकडे विचारलं नाही. तुझ्या मेहुण्यांचा चुलतभाऊ आला होता, तपासून घेतो म्हणत. मी म्हटलं, नको, माझा दादा आहे. तो गेला परत. परदेशी." पुढचं ती सावकाश बोलली, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. "खाल्लंस त्याचा राग नाही. वाट बघायला लावलीस त्याचा आहे. माझ्याकडे वाट बघायला फार नाहीये."

"मी करतो आता. खरंच करतो."

"ते काट्याला सांग."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. दादा दारापर्यंत गेला आणि वळून बघितलं. ती हात पुसत होती.

*

जिना.

चार मजले. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर तो बसला. खालून येणाऱ्या शेजाऱ्याला वाटलं किल्ली हरवली.

उकडलेली भाजी. उकडलेली भाजी. एक अंडं. उकडलेली भाजी.

शिडी. छताचा चौकोन. खिशात काही नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने छतावरची पोकळी नीट बघितली. फार घाण होती.

भूक ही गोष्ट उदात्त असते असं सांगणाऱ्यांना दादा भेटला असता तर त्याने त्यांना खाल्लं असतं. त्याचं डोकं दुखलं. तो जोडीदाराशी भांडला, आत्याशी भांडला, काट्याशी भांडला. आत्या म्हणाली, "चिडतोय म्हणजे खात नाहीये," आणि समाधानाने झोपली. पहिल्या आठवड्यात चार किलो. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात सातशे ग्रॅम, आणि त्या दिवशी तो स्नानगृहात पाण्याचा नळ सोडून रडला. कुणीही बघायला नसताना रडण्याची ही पहिलीच वेळ. अजिबात बरं वाटलं नाही.

जिना. चार मजले. न थांबता.

धाकटीला मधेच एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. पोटात पाणी झालं होतं. दादा भेटायला गेला तर ती गुंगीत होती, आणि मेहुण्याने त्याला वजन विचारलं नाही. कसे आहात, हेही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी पुन्हा तपासणीचं यंत्र, पुन्हा सुई. चरबी नऊ टक्के. यकृतातला दाह जवळजवळ शमलेला. डॉक्टरीणबाईंनी तुकड्याचं चित्र पडद्यावर दाखवलं. दादाला सगळं जांभळं दिसलं.

"शांत आहे," त्या म्हणाल्या. "मानेतल्या तुमच्या बिचाऱ्या तिथेच आहेत. त्यांच्यासाठी पुढची वीस वर्षं असंच जेवायचं."

"वीस?"

"कमी हवीत?"

*

मग त्याला एका छोट्या खोलीत एकट्याला बसवलं. दोन खुर्च्या, एक टेबल, चहाचा कप. समोर एक बाई. त्यांचं काम फक्त यकृत देणाऱ्या माणसाशी बोलणं. बहिणीच्या उपचारांशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"तुम्ही आता देऊ शकता," त्या म्हणाल्या. "द्यायलाच हवं असं नाही. धोका आहे. कमी आहे, पण नाही असं नाही. तुम्ही नको म्हणालात, तर बाहेर आम्ही एवढंच सांगू की वैद्यकीय कारणाने जमत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही. कधीच."

"बहिणीलाही नाही?"

"कुणालाच नाही."

"बायकोला?"

"कुणालाच म्हणजे त्यांनाही नाही."

दादाच्या तोंडाचा आ झाला. जे मिळवण्यासाठी त्याने शिडीवर उभं राहून, डोकं धुळीत खुपसून पोट बिघडवलं, ते इथे एका नकारात मिळत होतं. वर सहानुभूतीही मिळाली असती. बिचाऱ्याने किती प्रयत्न केले, असं लोक जन्मभर म्हणाले असते. आत्याने त्याला बटाटा दिला असता.

त्याने चहाकडे बघितलं. साखर नव्हती. त्याने बहिणीचा विचार करायचा प्रयत्न केला, पण आला तो टेबलाचा विचार. थंड टेबल, वरचा दिवा, आणि मग काहीच नाही. मग सायकलची ती निसटणारी चेन. मग पुन्हा टेबल. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"घाबरलेल्या माणसाचं यकृत चालतं का?" त्याने विचारलं.

"चालतं. बहुतेक तसंच येतं."

"तुमच्या कागदावर तसा रकाना आहे?"

"नाही. हो किंवा नाही, एवढंच."

दादाने गार झालेला चहा एका घोटात संपवला. भयंकर होता. "मग हो लिहा," तो म्हणाला. आवाज इतका लहान आला की बाईंनी पुन्हा विचारलं, आणि त्याला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण होतं.

बाहेर बाकावर बायको आणि आत्या. चाकाच्या खुर्चीत धाकटी, मांडीवर शाल, मागे मेहुणा. सगळे उठले. धाकटीला उठता येत नव्हतं.

"हो म्हणालो," दादा म्हणाला. इथे तो थांबला असता तर मोठा माणूस ठरला असता. पण दादाच तो. "नाही म्हणायची सोय होती बरं का. तुम्हाला कळलंही नसतं. कुणालाच कळलं नसतं!"

"आता सगळ्या इमारतीला कळलं," बायको म्हणाली.

मेहुणा तोंडावर हात घेऊन भिंतीकडे वळला. आत्या देवाचं काहीतरी पुटपुटली आणि दादाच्या सैल झालेल्या पँटचा पट्टा घट्ट करायला लागली.

धाकटी त्याच्याकडे बघत होती. "किती वेळ लागला विचार करायला?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

दादाने खोटं बोलायचं ठरवलं आणि जमलं नाही. "चहा गार झाला."

"बरं झालं," ती म्हणाली. "झटक्यात म्हणाला असतास, तर माझा विश्वास बसला नसता."

ऑपरेशनची तारीख देणारी खिडकी एकला बंद व्हायची. एक वाजायला सात मिनिटं कमी होती. मेहुण्याने डोळे पुसून खुर्चीचा ब्रेक काढला, आणि खुर्ची ढकलायला दादा पुढे झाला.